लाऊ सीफूंचं औषध

१

लाऊ सीफू मेले शुक्रवारी दुपारी, आणि शनिवारी सकाळच्या चहापर्यंत शारजातल्या आमच्या सगळ्या मंडळींनी ठरवून टाकलं होतं की म्हातारा दारूपायी मेला. मेलेल्या माणसाची अब्रू काढायला लोकांना फार वेळ लागत नाही.

प्रेत सापडलं ते त्यांच्या कुंग फूच्या क्लासातच. एका जुन्या व्हिलाचा हॉल भाड्याने घेऊन म्हातारा तिथे शिकवायचा आणि तिथेच राहायचा. समोरच्या भिंतीवर लाल पाटी होती. तिच्यावर त्यांच्या गुरूचं, गुरूच्या गुरूचं, त्याच्याही गुरूचं नाव, असं पिढ्यान्‌पिढ्या चिनी अक्षरांत लिहिलेलं. त्या पाटीखाली सीफू उताणे पडले होते. हाताशी काचेची मोठी बरणी कलंडलेली, फरशीवर काळपट पाणी आणि खोलीभर दारूचा भपकारा.

बरणीत औषध होतं. वाळूच्या, खडीच्या पिशव्यांवर पंजे आपटून आपटून हात दगडासारखे करायचे, आणि आधी-नंतर हे औषध चोळायचं, अशी त्यांची रीत. तांदळाच्या दारूत जडीबुटी वर्षानुवर्षं मुरवलेली. त्यात बचनागाचं मूळ असतं. सीफू प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे, ‘चोळलंस तर हात वाचेल, प्यायलास तर मरशील.’ पोलिसांच्या डॉक्टरला पोटात दारू मिळाली आणि बचनागही मिळाला. खलास! शारजात दारूबंदी, म्हाताऱ्याला तलफ आली, आपलंच औषध प्यायला आणि गेला.

इथवर ठीक होतं. पण औषधासाठी शेजारच्या अजमानहून दारू आणायचा कोण? दत्ताराम. उकळायचा कोण? दत्ताराम. त्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत सीफूंच्या वेताचे फटके कोणी खाल्ले? दत्तारामनेच. आणि प्रेत पहिलं पाहिलं तेही त्यानेच. गुहागरकडचा हा वेल्डर पोलिसांसमोर छाती बडवून रडला आणि म्हणाला, ‘मैने मारा साहब, मेरे हाथ से मरे.’ त्याला म्हणायचं होतं की दारू मी आणली, औषध मी केलं, म्हणजे पाप माझं. पोलिसांनी ते कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं. या देशात खून शाबीत झाला तर जीव जातो.

हे सगळं मला सांगत होती रंजिता पेडणेकर, आमच्या शेजारची फिजिओथेरपिस्ट. तीही त्याच क्लासला जायची.

‘कुंदाकाकू, त्याच्या आईचा गावाहून फोन आला होता. ठकुबाई. नुसती रडत होत्या. मी काय सांगू त्यांना?’

मी कुंदा रणदिवे. मुंबईत सरकारी प्रयोगशाळेत विषं तपासण्यात माझी हयात गेली. रिटायर होऊन मुलाकडे शारजाला आले, तेव्हापासून भाजी निवडणं आणि टीव्हीपुढे डुलक्या काढणं चालू होतं. त्यामुळे खोटं कशाला बोलू, बचनाग म्हटल्याबरोबर माझी झोप उडाली.

‘आई, please,’ अंकुर, माझा मुलगा, बुटाची नाडी बांधता बांधता ओरडला. दुबईच्या ट्रॅफिकच्या धास्तीने हा उजाडताच घराबाहेर पडतो. ‘तुझा व्हिसा माझ्यावर आहे. पोलीस केसमध्ये पडलीस तर दोघांनाही बॅगा भराव्या लागतील.’

‘तू ऑफिसला जा. जॅम लागेल,’ मी म्हटलं आणि रंजिताकडे वळले. ‘मला एक सांग. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना सांगतो की हे प्यायलास तर मरशील, तो स्वतः ते कसा पिईल? तलफ आली तर अजमानहून आणलेली कोरी बाटली नव्हती का घरात?’

रंजिता हळूच म्हणाली, ‘होती. ओट्याखाली. भरलेली. मी पाहिली ना काकू, ती अजून तिथेच आहे.’

२

मग मी तिला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं.

लाऊ सीफू दक्षिण चीनमधले. सीफू म्हणजे गुरू, आणि बापही. शिकवणं म्हणजे नुसता छळ. पहिली दोन वर्षं लाथ नाही, बुक्का नाही. घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून नुसतं उभं राहायचं. ऑगस्टच्या उन्हात, उघड्या गच्चीवर, उदबत्ती विझेपर्यंत. मांडी थरथरली की वेत. कोणी चक्कर येऊन पडलं तर त्याला ओलांडून पुढे जायचे. त्यांच्या गुरूने त्यांना असंच घडवलं होतं, हिवाळ्यात बर्फाच्या पाण्यात उभं करून. ते हे कौतुकाने सांगायचे.

‘आणि तुम्ही शिकलेसवरलेले लोक हे सहन करायचात?’

‘काकू, ते कधीतरी मान हलवायचे. नुसती. त्या एका मान हलवण्यासाठी माणूस महिनाभर मार खायचा.’

मी म्हटलं, ‘पुढे.’

पुढचं खरं महत्त्वाचं होतं. शिष्य दोन जातींचे. बाहेरचे आणि आतला. बाहेरचे पन्नास असोत, आतला एका पिढीत एकच. ज्याला आत घ्यायचं तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गुरूपुढे चहाचा पेला धरतो. गुरू तो एका दमात, थेंब न ठेवता पितो. प्यायला की तू माझा मुलगा. नुसता खाली ठेवला की चालता हो. एरवी सीफू शिष्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. स्वतःचा चहा स्वतः करत.

‘पुढच्या शुक्रवारी चहा होणार होता,’ रंजिता म्हणाली. ‘सीफूंनी तेवढंच सांगितलं होतं, नाव नाही. पण सगळ्यांना माहीत होतं, विजयकुमार सामंत. सगळ्यांत जुने तेच. हमरिया फ्री झोनमध्ये पर्चेस मॅनेजर आहेत. सीफूंचा व्हिसासुद्धा त्यांच्याच कंपनीचा. आम्ही त्यांचं अभिनंदनही करून टाकलं.’

‘आणि दत्ताराम?’

‘तो कसला? तो झाडू मारायचा, औषध उकळायचा, आणि पिशवीवर हात आपटायचा. सगळ्यांपेक्षा जास्त. त्याची दोन बोटं मेलीत, काकू. परवा सिगरेट बोटापर्यंत जळत आली तरी त्याला कळलं नाही, वास मला आला. वेल्डरचे हात ते! मी त्याला म्हटलं, बंद कर हे. तर म्हणतो, सीफूंचं औषध आहे ना ताई, हळूहळू सुधारतील.’

‘तू नाही आपटत हात?’

‘बायकांना मनाई आहे.’

‘बायकांवर तेवढी एक मेहेरबानी केली म्हणायची,’ मी म्हटलं. ‘शुक्रवारी तू तिथे गेली होतीस?’

गेली होती. दत्तारामने फोन केल्यावर पोलिसांच्या आधी पोचली होती. तिला एकच गोष्ट खटकली होती. पाटीखालच्या फळीवर चहाच्या विधीचा झाकणवाला लाल पेला असतो. तो वर्षभर हलत नाही, त्याच्यावर धूळ असते. त्या दिवशी तो स्वच्छ धुतलेला होता, आणि आतून ओला होता.

मी उठून उभी राहिले. माझे गुडघे दुखतात, पण अशा वेळी विसरायला होतं.

‘रंजिता, ते औषध कोणाकडे थोडंफार असेल का? बरणी तर पोलिसांनी नेली.’

तिने पर्समधून खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली काढली. ही दत्तारामची. रोज बरणीतून भरून घ्यायचा आणि कामगारांच्या कॅम्पवर झोपायच्या आधी हाताला चोळायचा. बोटं अशी का मरतायत ते पाहावं म्हणून तिने त्याच्याकडून मागून घेतली होती.

बचनाग ओळखायची एक जुनी, वेडी रीत आहे. आमचे पहिले साहेब करायचे, आम्ही चोरून शिकलो. काडीच्या टोकाला लागेल तेवढं जिभेच्या शेंड्याला लावायचं आणि लगेच थुंकायचं. मुंग्या येतात, मग जीभ लाकडासारखी होते. तुम्ही करू नका. मी केलं.

रंजिता डोळे विस्फारून बघत होती. मी वाट पाहिली. चूळ भरली, पुन्हा लावलं, पुन्हा वाट पाहिली.

दालचिनी लागली. आलं लागलं. दारू तर लागलीच. पण मुंग्या नाहीत.

बाटलीत बचनाग नव्हता. बचनाग सोडा, औषध म्हणावं असं काहीच नव्हतं त्यात.

३

त्या दिवशी मी वरणाला फोडणी द्यायला विसरले. अंकुरने मुकाट्याने तसंच खाल्लं.

माझ्या डोक्यात एकच गिरमीट चालू होतं. दत्ताराम रोज त्याच बरणीतून बाटली भरायचा. बाटलीत विष नाही म्हणजे बरणीत विष नाही. बरणीत विष नाही, मग म्हाताऱ्याच्या पोटात कुठून आलं? आणि पोलिसांनी बरणी तपासली कशी नाही? तर तपासायची गरजच कोणाला वाटली नाही. पोटात बचनाग मिळाला, आणि क्लासातला झाडून प्रत्येक माणूस शपथेवर सांगत होता की बरणीत बचनागच आहे. का? तर सीफूंनी सांगितलं होतं! गुरूने सांगितलं की पाणीसुद्धा विष. ही चूक फक्त शिष्यच करू शकतात. माझ्यासारख्या नास्तिक बाईने पहिल्या दिवशीच बोट बुडवून पाहिलं असतं.

खरं औषध दुसरीकडे कुठेतरी होतं. ज्याला ते मिळत होतं त्याचे हात शाबूत असणार. बाकीच्यांचे मरणार. म्हणजे आता फक्त हात बघायचे होते.

विजयकुमार सामंतांना मी फोन केला. नातीला क्लासला घालायचंय, सीफू तर गेले, आता तुम्हीच शिकवणार ना, असं गोड बोलले. मला नात नाही. गृहस्थ खूश झाला. हमरियाला ऑफिसात बोलावलं.

टॅक्सीने गेले. बंदरावरची क्रेन, पत्र्यांच्या शेड, सगळीकडे पांढरी धूळ, आणि त्यात याची केबिन बर्फासारखी थंड. पंचेचाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं. कोपऱ्यात स्टँडवर कॅनव्हासची पिशवी होती.

‘लंच टाइमला रोज करतो, मॅडम. आता सीफूंची गादी चालवायची म्हणजे सराव हवा. लोखंडाचे छर्रे आहेत आत.’

‘अगं बाई! हात दुखत नाहीत?’

‘दुखलेच पाहिजेत. We Indians are too soft. सीफू म्हणायचे, शंभर पोरं उन्हात उभी करा, नव्याण्णव पळतील. उरलेल्या एकासाठी आपण शिकवतो. नव्याण्णवांचं काय झालं ते गुरूने बघायचं नसतं.’

‘आणि तो दत्ताराम?’

‘Poor fellow.’ त्याने उसासा टाकला. ‘दारूच्या भानगडीत पडायला नको होतं त्याने. कॉन्सुलेटला मी सांगितलंय, काही करता आलं तर बघा. इन्शाल्ला.’

‘सीफू प्यायचे का हो?’

‘गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, मॅडम? म्हातारपण, एकटेपण. होतं असं.’

बघा, कसं सुरेख सांगितलं! ‘प्यायचे’ असं म्हटलंही नाही, आणि मेलेल्याच्या तोंडाला दारूचा वास मात्र लावून ठेवला.

निघताना मी हात पुढे केला. आपल्याकडे माझ्या वयाच्या बायका परक्या पुरुषाशी हात मिळवत नाहीत, त्यामुळे तो क्षणभर गडबडला. पण पर्चेस मॅनेजर तो, हात पुढे आला की धरायची सवय. मी दोन्ही हातांनी त्याचा पंजा धरला. लोखंडाच्या छर्र्यांवर रोज आपटला जाणारा पंजा, आणि लोण्यासारखा मऊ! बोटं लवचीक, नखं गुलाबी. एक घट्टा नाही. तळव्याला किंचित चिकट, तेलकट ओल.

लिफ्टमध्ये मी माझा हात पांढऱ्या रुमालाला खसखसून पुसला. मग रुमालाचं टोक जिभेला टेकवलं आणि थुंकले.

टॅक्सीवाला पठाण होता. त्याने आरशातून विचारलं, ‘खाला, किधर जाना है?’

मला उत्तर देता येईना. जिभेला मुंग्या आल्या होत्या, आणि ओठ दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा वाटत होता.

४

पुढचं पोलिसांचं काम होतं, त्यात माझी फुशारकी नाही. अंकुरने कपाळावर हात मारला, पण शेवटी तोच मला घेऊन कॅप्टन सालेमकडे गेला. कॅप्टन तरुण होता, शांत होता. ‘बरणी तपासा,’ मी म्हटलं, ‘आणि हा रुमाल तपासा. मग मला वेड्यात काढा.’ बरणीत विष निघालं नाही. रुमालावर निघालं. शुक्रवारी सकाळी विजयकुमारच्या घरी कपाटात शर्टांच्या मागे मातीची एक छोटी बरणी सापडली, तोंडाला लाल फडकं बांधलेली.

विजयकुमार तेव्हा घरी नव्हता. तो व्हिलाच्या हॉलमध्ये सीफूंच्या जागी, पाटीखाली उभा राहून क्लास घेत होता. मेलेल्याचा तेरावासुद्धा झाला नव्हता!

मी कॅप्टनकडे थोडी सवड मागितली. आत गेले. रंजिता दाराशी उभी होती, पोरं गुडघे वाकवून ओळीत.

‘सामंत,’ मी म्हटलं, ‘तुमची मातीची बरणी सापडली.’

त्याने पोरांना हाताने थांबायची खूण केली. चेहरा हलला नाही. ‘कसली बरणी, मॅडम?’

‘आतल्या शिष्याची. या हॉलमध्ये एक बरणी होती, सगळ्यांसाठी. तिच्यात दालचिनीचं पाणी आणि दारू. दुसरी होती खरी, एकट्यासाठी. ज्याला ती मिळाली त्याचे हात लोण्यासारखे राहिले, बाकीच्यांची बोटं मेली. म्हणजे सीफूंनी तुमचा चहा कधीच घेतला होता, गुपचूप. व्हिसा तुमच्या कंपनीचा होता ना!’

ओळीतली पोरं आपापल्या हातांकडे बघायला लागली. ते बघवेना.

‘मग आज, शुक्रवारी, चहा कोणाचा होणार होता?’ मी विचारलं. ‘तुमचा होऊन गेला होता. एका पिढीत एकच नाव. म्हणजे तुम्हाला काढून दुसऱ्याला घेणार होते. आणि सीफू फक्त एकाच माणसाच्या हातून पेला घेत होते, ज्याला त्यांनी मुलगा मानलं होतं. तोच लाल पेला धुऊन ठेवलेला रंजिताने पाहिला. त्यात तुम्ही मातीच्या बरणीतलं औषध घातलंत. एका दमात प्यायची रीत, चव लागेपर्यंत पेला रिकामा. मग तुम्ही हॉलची बरणी आणून कलंडवलीत. सगळ्यांना ती विषाचीच माहीत. तिच्यात खरं औषध थोडं ओतलं असतंत तर मी आयुष्यभर डोकं आपटलं असतं, तरी काही शाबीत झालं नसतं. पण तेवढं तुमच्याने झालं नाही. का हो?’

तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडावर राग दिसला. पकडला गेल्याचा राग नव्हता तो.

‘तीस वर्षांची मुरवण आहे ती,’ तो म्हणाला. ‘त्यांच्या गुरूने घातलेली. फरशीवर ओतायची? वेड लागलंय का तुम्हाला?’

कोणीतरी हुंदका दिला. बहुतेक रंजिताने.

‘कोणाला घेणार होते आत?’ मी विचारलं. मला अंदाज होता, पण त्याच्या तोंडून हवं होतं.

‘त्या हमालाला!’ तो ओरडला. ‘दत्तारामला! मला त्या दिवशी सकाळी सांगितलं, हसत हसत. म्हणाले, तू पहिल्याच वर्षी बोटं दुखतात म्हणून रडलास, मला तुझा व्हिसा हवा होता म्हणून तुला औषध दिलं. याला मी सात वर्षं पाणी दिलं. याची बोटं मेली, तरी याने एकदासुद्धा विचारलं नाही. हा पास झाला. बरणी त्याला देऊन टाक. आणि मला वेल्डरच्या हाताखाली उभं राहायला सांगितलं!’

‘म्हणजे ते पाणी म्हणजे...’ रंजिता दारातून पुढे आली.

‘परीक्षा होती. ज्याचे हात जाऊनही जो थांबत नाही, तो आतला. तीच त्यांची रीत, त्यांच्या गुरूचीही. I understood that. मी समजून घेतलं होतं. सात वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून हात आपटले आणि गप्प राहिलो.’

‘सात वर्षं त्याचे हात मरताना बघितलेत?’

‘बघायचे नसतात, मॅडम. सांगितलं ना तुम्हाला.’ त्याने शर्टाची बाही नीट केली. ‘दुपारी औषध घेऊन परत आलो, गुडघ्यावर बसलो. म्हटलं, मला मोकळं करा, शेवटचा चहा माझ्या हातचा घ्या. मुलाचा चहा बापाला नाकारता येत नाही. त्यांनी घेतला. नंतर माझ्याकडे बघितलं, त्यांना कळलं होतं. आणि काय केलं माहीत आहे? मान हलवली. नुसती.’

हे सांगताना त्याचे डोळे भरून आले, खरंच! कॅप्टन सालेम आत आला आणि त्याला म्हणाला, ‘यल्ला, चल.’

५

दत्ताराम खुनातून सुटला. दारू आणल्याची केस राहिली, तिची थोडी कैद आणि मग कायमचं परत. अंकुर म्हणाला, ‘आई, एवढ्यावर निभावलं, नशीब समज.’ ठकुबाईला रंजिताने फोनवर सांगितलं की पोरगा जिवंत घरी येतोय. पलीकडून नुसतं ‘देवा रे, देवा रे’ ऐकू येत होतं.

आम्ही दोघी त्याला भेटायला गेलो. मध्ये जाळी होती. तिशीतला माणूस, पण चाळिशीचा दिसत होता. त्याने आधी माझ्यापुढे वाकून हात जोडले. उजव्या हाताची दोन बोटं जुळतच नव्हती, बाजूला वाकडी उभी राहिली.

‘बाई, तुमी नसतात तर माझा जीव गेला असता. आयशीला माझा तोंड दिसला नसता.’

‘बस,’ मी म्हटलं. ‘रडू नकोस.’

‘म्हणजे सीफू माझ्या हातान नाय गेले ना?’

‘नाही रे बाबा. तुझ्या बरणीत विष नव्हतंच. म्हणून तर सुटलास.’

तो केवढ्यांदा हसला! भिंतीजवळच्या पोलिसाने वळून बघितलं. दत्ताराम म्हणाला, रोज नमाजाची बांग झाली की तोही आत डोळे मिटून सीफूंची माफी मागायचा. आता नको मागायला. मग हसू हळूहळू कमी झालं. तो वेल्डर होता, मूर्ख नव्हता. मी बघत होते, त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती, आणि मला ती थांबवता येत नव्हती.

‘इष नव्हता,’ तो म्हणाला. ‘मग औषदपण नव्हता?’

रंजिताने माझा दंड धरला. तिला वाटत होतं मी काहीतरी थाप मारावी. पण त्याला सोडवणारा पुरावा हाच होता. कोर्टात वाचला जाणार, पेपरात येणार, कुठल्यातरी गुहागरवाल्याच्या तोंडून त्याला कळणार. मी सांगितलं. दोन बरण्या होत्या हे सांगितलं, परीक्षा सांगितली, चहा कोणाचा होणार होता तेही सांगितलं. भरभर सांगून टाकलं.

तो खाली बघत ऐकत होता. एक बोट दुसऱ्या हाताने चिमटीत धरून दाबत होता, दाबत होता, आणि त्याला काही लागत नव्हतं.

‘सामंतसायबांचे हात कसे आसत?’ त्याने विचारलं.

‘चांगले आहेत.’

‘हां.’ ‘वेल्डिंग तर आता जमायचा नाय. होल्डर सटकता हातातसून. सुपरवायझर आदीच बोललेला.’

‘इलाज करू आपण,’ रंजिता घाईघाईने म्हणाली. ‘गावाला गेलास की मी व्यायाम लिहून देते, मुंबईला माझे सर आहेत...’ फिजिओथेरपिस्ट ती. तिला माहीत होतं, मेलेली नस अशी उठत नाही.

माझा संताप अनावर झाला. ‘शिव्या घाल,’ मी म्हटलं. ‘आमच्यासमोर घाल, मोठ्याने. सात वर्षं त्या नराधमाने तुला दालचिनीचं पाणी चोळायला लावलं. तुझं पोट तुझ्या हातांवर होतं, त्याला माहीत होतं. घाल शिव्या!’

दत्तारामने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. लहान मुलाचा निकाल लागायचा असतो ना, तसा तो माझ्याकडे बघत होता.

‘पन पास झालो ना, बाई?’

‘काय?’

‘तेनी सोता सांगितलान ना सामंतसायबांना? हा पास झाला म्हनून? माझाच नाव घेतलान ना?’

पोलिसाने जाळीवर काठी वाजवली. वेळ संपली होती. रंजिता तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाली. दत्ताराम उठला, पण जाईना. पोलीस दंडाला धरून ओढत होता आणि तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

मी म्हटलं, ‘हो. तुझंच नाव घेतलं. पास झालास.’

तो इतका खूश होऊन आत गेला की त्या म्हाताऱ्याला उठवून मी स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा मारला असता.